एका टेपचं अंतर

काटेवाल्यांनी चाळीस वर्षं दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त केले. काटा गुंजभर जरी डावीकडे झुकला, तरी त्यांना दुकानाच्या दारातूनच दिसायचं. पण समोरची भिंत किती लांब आहे असं विचारलं, की त्यांची तारांबळ उडायची. अंतर हा बायकोचा प्रांत होता. ती शिंपीण. गिऱ्हाईक उंबऱ्यात उभं असतानाच तिनं मनात त्याचा खांदा मोजलेला असायचा.

घरातला कॅमेराही तिचाच. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं परगावी लेकाकडे जाताना तो तिच्या हातात ठेवला होता. "माझे सगळे कोट तुम्ही मार्गी लावलेत, आता हे धूडही सांभाळा," म्हणाला आणि गेला. घडीचा कॅमेरा. मिटला की जाडजूड पुस्तकासारखा दिसायचा. बाजूचं बटण दाबलं की पुढचं झाकण पडायचं, काळा भाता पुढे सरकायचा आणि खट्कन जागी बसायचा. त्यात आपोआप म्हणून काही होत नव्हतं. अंतर आपण मोजायचं, भिंगाभोवतीची कडी फिरवून तो आकडा खुणेसमोर आणायचा, शटरचा छोटा खटका ओढायचा आणि मग दाबायचं. एवढ्यावरही सुटका नाही. दाबून झालं की वरची किल्ली फिरवून फिल्म पुढे न्यायची, पाठीमागच्या लाल काचेच्या खिडकीत पुढचा आकडा येईपर्यंत. एका रोलवर आठ फोटो. किल्ली फिरवायची राहिली, तर कॅमेरा बिचारा काही बोलत नाही. पुढचा फोटो मागच्या फोटोवरच निमूटपणे चढवतो. दोन्ही वाया.

म्हणून दोघांनी कामं वाटून घेतली होती.

"माझं लक्ष माणसाच्या तोंडाकडे असतं, मी विसरणार," ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "दाबणार मी. किल्ली तुमची."

ती फोटो काढायची, "झालं!" म्हणायची आणि न बघता कॅमेरा मागे धरायची. काटेवाले तो घ्यायचे, खिडकीला डोळा लावून किल्ली फिरवायचे आणि परत द्यायचे. इतकी वर्षं हे चाललं. एकही फोटो दुसऱ्यावर चढला नाही.

अंतराचा तिचा हिशेब तर फारच सरळ होता. शिंप्याची टेप साठ इंचांची असते, म्हणजे बरोबर पाच फूट. एक टोक ती कॅमेऱ्यापाशी धरायची, दुसरं समोरच्याच्या हातात द्यायची.

"नाकाच्या शेंड्याला लावा. लावलं? आता सोडा. हलू नका. श्वास घेतलात तरी चालेल."

कडी कायम पाचावर. लांबचं झाड, रस्ता असलं काही असेल तेवढ्यापुरतीच ती फिरायची. गल्लीतल्या अर्ध्या घरांत तिनं काढलेले फोटो होते आणि ते सगळे एका टेपच्या अंतरावरून काढलेले होते.

ती गेली तेव्हा लेकीनं भिंतीवर लावायला तिचा फोटो शोधला. सगळी कपाटं पालथी घातली. डबाभर फोटो निघाले. शेजारी निघाले, शेजाऱ्यांचं मांजर निघालं, दातांत खिडकी पडलेली लेक निघाली, वजनकाट्यावर वाकलेले काटेवाले तर पन्नास निघाले. ती कुठेच नव्हती. असणार कशी? ती तर कॅमेऱ्याच्या मागे. लेकीच्या मोबाइलमध्ये तीन सापडले. एकात ती घास चावत होती, एकात जावयाच्या पाठीआड अर्धी दडली होती आणि तिसरा दवाखान्यातला होता. तो दोघांनीही दुसऱ्यांदा उघडला नाही.

"ओळखपत्रावरचा मोठा करून घेऊ या का?" लेकीनं विचारलं.

"त्यात ती चोर दिसते."

"बाबा!"

"तीच म्हणायची. मी नाही."

लेक हसली आणि मग तिला रडू आलं. ती टपाल कचेरीत खिडकीवर बसायची, दिवसभर लोकांच्या कटकटी ऐकायची आणि रविवारी बापाकडे येऊन स्वयंपाकघर आवरायची. आवरण्यासारखं फारसं नसायचं, तरी आवरायची.

काटेवाल्यांनी तिला तेव्हा एक गोष्ट सांगितली नाही. कॅमेऱ्यात रोल होता. आणि त्या रोलवर तिची आई होती.

गुडघे कुरकुरायला लागले म्हणून शिंपिणीनं दुकान बंद करायचं ठरवलं, त्या शेवटच्या दिवसाची गोष्ट. शिवायचं काही उरलं नव्हतं. दुकानात दोघंच. ती मशीनमागे बसली, एकदा चाकावर हात फिरवला आणि म्हणाली, "अहो, आज तुम्ही काढा माझा."

"मी? मला कुठं येतं?"

"येण्यासारखं काय आहे त्यात? मी सगळं लावून देते. तुम्ही नुसतं दाबा. तेवढं तर कोणालाही येतं. माकडालासुद्धा."

तिनं टेपचं एक टोक स्वतःच्या नाकाला लावलं, दुसरं त्यांच्या हातात दिलं आणि ताणून त्यांना मागे सरकवलं. जमिनीवर त्यांच्या चपलांपुढे खडूनं रेघ मारली. आकडे लावून दिले, खटका ओढून दिला आणि पुन्हा जागेवर जाऊन बसली.

"पाय हलवू नका हं."

"नाही हलवत."

कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या इवल्याशा काचेत काटेवाल्यांनी पाहिलं. तिथं त्यांची बायको नखाएवढी दिसत होती. इतकी लहान की त्यांना नीट दिसेना. बराच वेळ गेला. शेवटी तिनंच काहीतरी विचारलं आणि त्याच क्षणी त्यांचं बोट दाबलं गेलं.

पुढचं त्यांना आठवत नव्हतं. म्हणजे दुकानाला कुलूप लावलेलं आठवत होतं, वाटेत खाल्लेल्या शेंगदाण्यांतला एक कडू निघाला तेही आठवत होतं. किल्ली फिरवल्याचं मात्र आठवत नव्हतं. महिनाभरानं ती गेली. कॅमेरा कपाटावर मिटून पडला होता, तसाच राहिला; आपल्या हातून फोटो नीट निघालाय का, याचीच त्यांना धास्ती होती.

तीन महिन्यांनी एका रविवारी लेकीनं तो खाली काढला, फडक्यानं पुसला आणि स्वयंपाकघरात स्टुलावर बसली.

"काढा माझा. बघू तरी चालतो का."

"अगं, मला..."

"आईची टेप घ्या. मला ठाऊक आहे, नाकाला लावायची."

काटेवाल्यांना नाही म्हणता आलं नाही. स्वयंपाकघर ते केवढं. टेप ताणल्यावर त्यांची पाठ थेट कपाटाला टेकली. कडी पाचावर होतीच. त्यांनी खटका ओढला आणि दाबलं. खट् झालं. तोंडातून आपसूक "झालं" निघालं आणि त्यांनी कॅमेरा मागे धरला, घ्यायला कोणीतरी आहे असा. मागे कपाट होतं.

मग त्यांनी स्वतःच तो पुढे घेतला, खिडकीला डोळा लावला, किल्लीवर बोटं ठेवली आणि तिथंच थांबले. खिडकीत सहाचा आकडा होता.

आपण आधी दाबलं आणि आता किल्ली फिरवतोय. मग त्या दिवशी कोणी फिरवली?

"काय झालं बाबा?"

"काही नाही."

त्यांनी किल्ली फिरवून सात आणला, भाता मिटला आणि हात धुवायला गेले. हात स्वच्छच होते.

तेव्हापासून त्यांच्या जिवाला घोर लागला. ते बोटांवर मोजायचे. समोरचं झाड, एक. मांजर, दोन. मांजर हललं म्हणून पुन्हा मांजर, तीन. गल्लीच्या टोकाचा चांभार, चार. एवढे पक्के. त्यानंतर दुकानाची पाटी. त्या शेवटच्या दिवशी सकाळी ती रस्त्यापलीकडे पाटीचा फोटो काढायला उभी होती आणि मध्ये एक ट्रक येऊन थांबला होता. ट्रकवाला चहाला गेला. ती वाट बघत उभी राहिली आणि काटेवाले कुलूप शोधायला आत गेले. ट्रक हलला का? पाटी निघाली का?

पाटी निघाली असेल, तर ती पाचवी आणि बायको सहावी. म्हणजे किल्ली कोणीच फिरवली नव्हती आणि सहाव्याच फोटोवर त्यांनी स्वतःच्या हातानं लेकीचा फोटो चढवला होता. पाटी निघाली नसेल, तर बायको पाचवी आणि सुखरूप. सगळं त्या ट्रकवर येऊन अडलं होतं. आणि ट्रक काही केल्या आठवणीतून हलत नव्हता.

रोल धुवायला दिला की दोन दिवसांत कळलं असतं. चौकात फोटोवाल्याचा स्टुडिओ होता, तो अजून अशा फिल्म हातानं धुवायचा. पण काटेवाल्यांनी दिला नाही. अर्धा रोल द्यायचा नाही हा बायकोचा नियम होता. आठ म्हणजे आठ. अजून दोन बाकी होते. हे कारण त्यांना फार सोयीचं पडलं. सकाळी कॅमेरा पिशवीत घालून ते फिरायला जायचे, पुलावर उभे राहायचे, कुठल्याशा भिंतीकडे बघायचे आणि परत यायचे. काढण्यासारखं काही दिसलं नाही, असं स्वतःलाच सांगायचे. खरं म्हणजे, जोवर रोल कॅमेऱ्यात होता तोवर ती होती. धुतल्यावर कदाचित नसती.

लेकीच्या नजरेतून हे सुटलं नाही. खिडकीमागे बसून माणसं वाचायची तिला सवय होती.

"बाबा, रोल संपत नाहीये की तुम्हाला संपवायचा नाहीये?"

काटेवाले कप विसळत होते. विसळतच राहिले.

"कपाची नक्षी जाईल," लेक म्हणाली. "काय आहे त्यात?"

मग त्यांनी सांगितलं. खडूची रेघ, दाबलेलं बटण, शेंगदाणे, ट्रक, सगळं. सांगताना ते कपाशी बोलत होते. शेवटी ते म्हणाले, "एक काम होतं माझ्याकडे. किल्ली. तेवढंच."

लेक उठली आणि खुंटीवरची टेप घेतली.

"उठा. दोन उरलेत ना? आत्ता संपवू."

"अगं, उन्हं उतरायला लागलीत."

"म्हणूनच म्हणते, उठा."

तिनं त्यांना दाराबाहेर पायरीवर बसवलं, टेप त्यांच्या नाकाला लावली आणि आईच्याच आवाजात म्हणाली, "श्वास घेतलात तरी चालेल." काटेवाल्यांना हसू आलं आणि तिनं त्यातच दाबलं. मग कोणी न सांगता कॅमेरा त्यांच्याकडे धरला. त्यांनी किल्ली फिरवली. आठ.

आठवा काटेवाल्यांनी काढला. शिंपिणीच्या मशीनचा. मशीन आता घरात खिडकीपाशी होतं. खडूनं रेघ मारून ते उभे राहिले आणि त्यांनी दाबलं. मग किल्ली फिरवत राहिले. खिडकीतला आकडा सरकून गेला, मग फिल्मच्या पाठीचा नुसता कोरा कागद आला आणि किल्ली एकदम हलकी झाली. रोल संपला होता.

फोटोवाला वयानं काटेवाल्यांएवढाच होता आणि बोलण्यात खवचट. रोल हातात घेऊन म्हणाला, "वहिनींचा ना हा? एवढे दिवस उबवत होतात काय?"

"कधी मिळेल?"

"परवा या. आणि असं माझ्याकडे बघू नका. मी न्यायाधीश नाही, फोटोवाला आहे."

परवाच्या दिवशी स्टुडिओ उघडायच्या आधी काटेवाले पायरीवर हजर होते. फोटोवाल्यानं त्यांना आत नेलं आणि टेबलावर मागून उजेड पडणाऱ्या काचेवर निगेटिव्हची पट्टी पसरली. काटेवाल्यांनी बोटानं मोजलं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं, काळ्याचं पांढरं, तरी झाड ओळखू आलं. मांजर. मांजर. चांभार.

बोट पाचव्यावर गेलं आणि थांबलं. पाटी नव्हती. मशीनमागे बसलेली एक बाई होती. एकटी. तिच्यावर कोणी चढलेलं नव्हतं.

सहाव्यावर स्टुलावर बसलेली लेक. तीही एकटी.

काटेवाल्यांनी टेबलाची कड धरली. फोटोवाल्यानं स्टूल पुढे सरकवलं.

"ट्रक हलला नाही," काटेवाले म्हणाले.

"कुठला ट्रक?"

"काही नाही. होता एक."

थोड्या वेळानं त्यांच्या डोक्यात दुसरी गोष्ट आली. दोन फोटो वेगळे आले, म्हणजे मध्ये किल्ली फिरली होती. दुकानात त्या दिवशी दोघंच होते. त्यांनी फिरवली असती तर हाताला आठवलं असतं. इतक्या वर्षांची सवय, हात विसरत नाही. मग त्यांना अंधूकसं दिसलं. ते कुलपाशी झटत होते आणि ती मागे कॅमेरा मिटत उभी होती. मिटायला तिला जरा जास्तच वेळ लागला होता.

किल्ली त्यांची होती. त्या दिवशी त्यांचं काम तिनं केलं आणि बोललीसुद्धा नाही.

"छापलेत का?" त्यांनी विचारलं.

"छापलेत. पण आधीच सांगतो." फोटोवाल्यानं पाकिटातून एक फोटो काढला, पण दिला नाही. "लेकीचा झकास आलाय. मशीनचाही. वहिनींचा जरा मऊ आहे."

"मऊ म्हणजे?"

"चेहरा अगदी धारेवर नाही, रेखीव आलेला नाही. हे बघा." त्यानं भिंग दिलं. "मागच्या फळीवरची दोऱ्याची रिळं बघा, धागा न् धागा मोजून घ्या. वहिनी त्यांच्या पुढे बसल्यात, वीतभर. अंतर बरोबर लावलेलं होतं, पण कॅमेरा पुढे सरकला. तोही वीतभर. तेवढ्यानं धार मागे गेली, रिळांवर."

"मी पाय हलवले नव्हते," काटेवाले एकदम म्हणाले. "रेघ मारलेली होती. पाय नाही हलवले."

"पाय नाही हो. कंबर." फोटोवाल्यानं उभ्या उभ्या दाखवलं. दोन्ही हातांत नसलेला कॅमेरा धरला, पाय तिथंच ठेवले आणि वरचं अंग हळूच पुढे नेलं. "असे झुकलात तुम्ही. बघायला. होतं असं. समोर कोण आहे त्यावर असतं."

काटेवाल्यांनी फोटो हातात घेतला. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे झुकलेले काटे सरळ केले होते.

ती होती. चेहरा किंचित विरघळल्यासारखा, पण तीच. गळ्यात टेप, कानामागे खडू आणि तोंड अर्धवट उघडं.

"मोठा करायचा म्हणालात तर करतो, पण मऊपणाही मोठा होईल," फोटोवाला म्हणाला.

"नको. आहे एवढाच पुरे."

"नवा एक रोल देऊ का?"

काटेवाल्यांनी थोडा विचार केला. "द्या."

रविवारी लेकीनं फोटो हातात घेतला आणि खिडकीपाशी नेला. बराच वेळ तिची पाठच दिसत होती.

"मोबाइलवर धार आणता येते बाबा आजकाल. करून बघू?"

"नको. हात नको लावू."

"बरं." ती पुन्हा बघायला लागली. "आई हसतेय की बोलतेय?"

"बोलतेय. विचारतेय, झालं का."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी दाबलं तेवढ्यात."

लेकीनं नाक पुसलं. "म्हणजे बिचारीला उत्तर दिलंच नाहीत."

"नाही," काटेवाले म्हणाले. "गडबड झाली."

दोघांनी मिळून फोटो मशीनच्या वरच्या भिंतीवर लावला. खिळा लेकीनं ठोकला, फोटो सरळ आहे की नाही ते काटेवाल्यांनी लांबून सांगितलं. एका बाजूला केसभर झुकला होता, तो त्यांनी दोनदा सरळ करून घेतला. मग ते टेबलाशी बसले, कॅमेऱ्याची पाठ उघडली, नवा रोल बसवला आणि खिडकीला डोळा लावून किल्ली फिरवत राहिले, एकचा आकडा येईपर्यंत.

"आत्ता काढायचाय का काही?" लेकीनं विचारलं.

"नाही. फिरवून ठेवतोय."